घर देणाऱ्या वहिनींना काय द्यावं?

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, वय ४१. तीन वर्षांपासून इरकल, नारायणपेठ, मंगलगिरी साड्या आणि खण विकते. दुकान नाही. ओळखीतल्या कुणाच्या तरी हॉलमध्ये दुपारी साड्या मांडते, ती आपल्या मैत्रिणी-शेजारणींना बोलावते. पहिल्या वर्षी सगळ्यांनी हौसेनं घर दिलं. मग ‘पुढच्या महिन्यात बघू’ सुरू झालं. म्हणून गेल्या दिवाळीपासून मी घर देणारीला विक्रीवर वीस टक्के रोख द्यायला लागले. दोन प्रदर्शनं जोरात झाली, एकदा तर चोवीस हजारांची विक्री झाली. पण माझ्या हातात फारसं काही उरलं नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मैत्रिणींना पाकिटाचं कळलं, तेव्हा त्यांच्यात बोलणी झाली. वर एकीची उधारी राहिली होती, तीही वहिनींनाच मागावी लागली. आता त्या जिन्यात भेटल्या तरी नजर चुकवतात. एक ओळखीची म्हणते, घर देणाऱ्या बायकांच्या हाताखाली आणखी बायका जोड, प्रत्येकीला थोडं थोडं दे, धंदा आपोआप वाढेल. घर देणारीला द्यावं तरी काय आणि किती?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचताना मला माझी एक दुपार आठवली. मी अकरा वर्षं घरोघरी जाऊन स्वयंपाकघरातले डबे विकले आहेत. पुण्यात एका वाड्यात छान प्रदर्शन झालं होतं. बायका गेल्या, मी सतरंजीवर बसून घरच्या काकूंच्या हातावर त्यांचे पैसे मोजत होते, आणि विसरलेली छत्री न्यायला एक बाई परत आली. दारातच थांबली. म्हणाली, “अच्छा, असं आहे होय.” छत्री घेतली आणि गेली. त्या वाड्यात मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. काकूंनी काही लबाडी केली नव्हती, मीही नाही. पण आम्ही दोघींनी ते बाकीच्यांपासून लपवलं होतं.

म्हणून माझं पहिलं आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे, की घर देणारीला जे द्याल ते सगळ्यांच्या देखत देता येईल असंच द्या. तिला स्वतःच्या तोंडानं मैत्रिणींना सांगता आलं पाहिजे, “मला ह्यातून हे मिळणार आहे.” सांगताना जीभ अडखळली तर देणं चुकलं म्हणून समजा.

रोख पाकीट इथेच आपटतं. साडी मिळाली तर मैत्रिणी म्हणतात, “अगंबाई, छान! कुठली घेतलीस, दाखव.” पाकीट मिळालं तर प्रत्येक जण मनात हिशोब करते, की माझ्या दोन हजारांतले चारशे हिच्या घरात गेले. आणि मग सगळी दुपारच उलटी दिसायला लागते. ‘हा रंग तुला खुलतोय’ असं ती म्हणाली होती ते मनापासून, की चारशे रुपयांसाठी?

आता तुमच्या हातात काही का उरलं नाही ते बघू. तुमचाच आकडा घेते, चोवीस हजार. शंभराच्या विक्रीमागे पासष्ट रुपये खरेदीचे धरते, तुमचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल. खरेदी झाली १५,६०० रुपयांची. राहिले ८,४००. रिक्षा, पिशव्या, हाताळून मळलेली एखादी साडी धुवायला टाकणं, न विकलेल्या मालात अडकलेला पैसा, सगळ्याचे मिळून १,२०० काढा. उरले ७,२००. त्यातले ४,८०० वहिनींच्या पाकिटात गेले. तुम्ही इरकलला जाऊन माल आणायचा, घड्या घालायच्या, गठ्ठा उचलून दोन जिने चढायचा, तीन तास बोलायचं, आणि हातात २,४००. वीस टक्के हा शब्द लहान वाटतो, कारण तो विक्रीवर मोजलेला असतो. नफ्यावर मोजला की तो दोन तृतीयांश निघतो.

तेच आठ टक्क्यांची साडी दिलीत तर? चोवीस हजारांवर १,९२० रुपये होतात. तेवढ्याची साडी वहिनींनी ढिगातून स्वतः निवडायची. त्यांच्या दृष्टीनं ती १,९२० रुपयांचीच साडी, कारण बाजूला बसलेल्या मैत्रिणीनं आत्ताच तेवढे पैसे मोजलेत. तुम्हाला ती खरेदीच्या भावात १,२४८ ला पडली. तुमच्याकडे ५,९५२ राहतात. विक्री सहा हजारांवरच थांबली तर ४८० रुपयेच होतील, तेवढ्यात साडी येत नाही. मग वरचे पैसे त्यांनी घालावेत किंवा शिल्लक चिठ्ठीवर लिहून द्यावी, पुढच्या खेपेला वळती करावी. चिठ्ठी मात्र द्याच, तारीख घालून, सही करून. तोंडी ‘बघू पुढे’ म्हटलेलं दोघींच्या लक्षात वेगवेगळं राहतं.

साडी त्यांना निवडू द्या हे मुद्दाम सांगतेय. शेवटी उरलेल्यातली, तीन प्रदर्शनांत कुणी न घेतलेली पोपटी साडी ‘ही तुम्हाला’ म्हणून पुढे सरकवली जाते, आणि घेणारीला ते बरोबर कळतं. अख्खा ढीग त्यांच्यासमोर ठेवा. आणि त्याच दिवशी द्या, निघायच्या आधी, एकदोन मैत्रिणी अजून बसलेल्या असताना.

पण टक्क्यांच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. लोकांनी ‘पुढच्या महिन्यात बघू’ का म्हणायला सुरुवात केली, ह्याचा तुम्ही विचार केलात का? तुम्हाला वाटलं, त्यांना काही मिळत नाही म्हणून. मला वाटतं, त्यांचं फार जात होतं म्हणून. बारा बायका घरी येणार म्हणजे सकाळपासून घर आवरायचं. सोफा सरकवायचा. सासूबाईंची दुपारची झोप मोडायची. नुसता चहा कसा द्यायचा, म्हणून ढोकळा, वेफर्स, एखादीला उपास म्हणून वेगळं काही. संध्याकाळी बारा कप, बारा बशा, आणि पलंगावर साड्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा खच. सहाशे रुपये तर खाण्यावरच गेले. मग तुम्ही हजाराची वस्तू दिलीत तरी तिच्या हिशोबात ती चारशेची, आणि दमणूक वेगळी.

तेव्हा आधी तिचं ओझं कमी करा. सतरंजी तुमची, दोन स्वच्छ चादरी तुमच्या, अंगावर धरून बघायला आरसा तुमचा. खाऊ तुम्ही न्या, साधाच, चिवडा आणि एखादी वडी, हाताला तेल न लागणारं, कारण तोच हात साडीला लागणार आहे. तिच्या गॅसवर चहाशिवाय काही चढू देऊ नका, आणि कागदी कपही तुम्हीच न्या. चार ते सहा म्हटलं तर सहाला गठ्ठा बांधायला घ्या. निघताना हॉल होता तसा लावून, खाली पडलेला प्रत्येक टाचणीचा तुकडा उचलून बाहेर पडा. हे जिला एकदा अनुभवाला आलं ती दुसऱ्यांदा घर द्यायला कुरकुरत नाही.

आता विक्रीचं. मला तुमच्या पद्धतीत एक गोष्ट खटकते, आणि ती मी स्वतः बरीच वर्षं चुकत होते. आपण बक्षीस विक्रीला बांधतो. पण विक्री घर देणारीच्या हातात नसते, ती तुमच्या हातात असते. तिच्या हातात काय असतं? बोलावणं. ज्यांना खरंच साड्यांची आवड आहे अशा बायका आठवून बोलावणं, आदल्या संध्याकाळी एकेकीला फोन करणं. म्हणून विक्रीवरच्या साडीशिवाय एक बक्षीस तिच्या ह्या कामाचं ठेवा. दहा बायका आल्या की तिला खणाचा एक ब्लाउजपीस, मग विक्री एका साडीची होवो की वीस साड्यांची. ह्यानं फरक असा पडतो, की ती येणारीला ‘घे ना गं एखादी’ म्हणत नाही. नुसती ‘ये’ म्हणते. आलेल्या बाईच्या मनावरचा भार उतरतो. तुमच्या ढिगात ताकद असेल तर पुढचं ती साडीच करेल.

ही भीड फार वाईट असते, ताई. आपल्याकडे म्हणतातच, भीड भिकेची बहीण. १९९० मध्ये जोनाथन फ्रेंझेन आणि हॅरी डेव्हिस ह्या अमेरिकन अभ्यासकांनी अशा घरगुती विक्रीचा अभ्यास केला होता. वस्तू किती आवडली ह्यापेक्षा घर देणारीशी नातं किती घट्ट आहे, ह्याचा खरेदीवर जास्त परिणाम होतो असं त्यांना दिसलं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको, आपण सगळ्यांनीच कधी ना कधी कुणाच्या तरी घरी भिडेखातर काहीतरी घेतलंय आणि ते कपाटात तसंच पडलंय. भिडेखातर साडी घेणारी त्या दिवशीची विक्री वाढवते, पण पुढच्या वेळी तिला नेमकं काहीतरी काम निघतं. वहिनींच्या मैत्रिणींचं नेमकं हेच झालं असावं.

ही सगळी पद्धत जिथे गाजली तो किस्सा तुम्हाला सांगते, कारण त्यात तुमच्या कामाचं काही आहे. अमेरिकेत टपरवेअरचे डबे सुरुवातीला दुकानात ठेवत, पण तिथे फार खपत नव्हते. झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे दुकानातल्या फळीवर कुणाला कळणार? ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी ते डबे लोकांच्या दिवाणखान्यात नेले, हातात धरून दाखवले, आणि १९५१ मध्ये कंपनीनं दुकानांतली विक्रीच बंद करून सगळा भर ह्या घरगुती पार्ट्यांवर टाकला. घर देणारीला भेटवस्तू आणि आलेल्यांपैकी कुणी पुढची पार्टी ठेवतं का हे विचारायचं, हीच त्या धंद्याची चाल. भारतात ही कंपनी १९९६ मध्ये आली आणि आपल्या भिशीच्या दुपारींत शिरली. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मूळ कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली, हेही खरं. ते डबे मग दुकानातही कळायला लागले, आणि तसलेच स्वस्त डबे सगळीकडे मिळायला लागले.

तुमच्या साडीत ते झाकण कुठलं आहे ते शोधा. इरकलचा पदर साडीच्या अंगाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, वेगळा जोडलेला असतो, एकेक धागा फासात अडकवून. तो जोड बाईच्या बोटाखाली द्या. उलट बाजूनं दाखवा. नारायणपेठेचे काठ खिडकीत नेऊन दाखवा, ट्यूबलाइटखाली तो रंग मरतो. फोनवरच्या फोटोत हे काहीच कळत नाही, आणि म्हणूनच बाईनं घरातून उठून तुमच्या प्रदर्शनाला यायचं. हे दाखवण्यात तुम्ही तयार असाल तर घर देणारीला रेटा लावावा लागत नाही.

त्या चालीतली दुसरी गोष्ट म्हणजे पुढचं घर. तुमचा खरा अडथळा पैशाचा नाही, घरांचा आहे. प्रत्येक प्रदर्शनातून एक नवीन घर निघालं पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याच सहा वहिनींना वर्षभर पुरवून खाल. म्हणून दुसरं बक्षीस ह्यासाठी ठेवा. आलेल्यांपैकी कुणी आपलं घर दिलं, तर आधीच्या वहिनींना एक साडी अर्ध्या भावात. सोळाशेची साडी त्या आठशेला घेतील. तुम्हाला ती १,०४० ला पडलीय, म्हणजे तुमचे गेले २४०. दोनशे चाळीस रुपयांत बारा नवीन बायका. पण ही साडी हातात द्यायची ती दुसऱ्या घरातलं प्रदर्शन प्रत्यक्ष पार पडल्यावर, नुसत्या ‘हो, ठेवूया की’वर नाही. आणि ज्यांनी एकदा घर दिलं त्यांना सहा महिने पुन्हा विचारू नका, त्यांनी आपणहून म्हटलं तर गोष्ट वेगळी.

ह्या सगळ्याचा खर्च साडीच्या किमतीत चढवू नका. दादरला हीच साडी कितीला मिळते हे डोंबिवलीच्या बायकांना पक्कं ठाऊक असतं.

तुमची ती ओळखीची सांगते ते हाताखाली बायका जोडायचं, त्याला माझा सपशेल नकार आहे. घर देणारीला तिच्या हॉलमध्ये झालेल्या विक्रीबद्दल काही देणं वेगळं आणि कुणी कुणाला जोडलं ह्यावर साखळीनं पैसे वाटणं वेगळं. दुसरं सुरू केलंत की हळूहळू साड्या बाजूला पडतात आणि माणसं जोडणं हाच धंदा होतो. अशा साखळ्यांना कायद्यानं बंदी आहे. पैसे फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ चा कायदा आहे, आणि थेट विक्रीसाठी २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली जे नियम आले त्यांतही पिरॅमिड योजना स्पष्ट नाकारल्या आहेत. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. कारण साखळी तुटते तेव्हा सगळ्यात खालची बाई तुमच्या दारात येत नाही, ती आपल्या जावेच्या दारात जाते.

उधारीचंही एकदा पक्कं ठरवा. पैसे त्याच दिवशी, किंवा निम्मे त्या दिवशी आणि निम्मे तुम्ही स्वतः वसूल करणार. घर देणारीचं नाव त्यात येता कामा नये. जिनं चहा पाजला तिनंच मैत्रिणीकडे पैसे मागायचे, ह्याच्याइतकी अवघड गोष्ट नाही.

हळदीकुंकवात साड्या मांडू का, असं काही जणी विचारतात, तुमच्याही मनात येईल. मांडू नका. वाण घ्यायला आलेली बाई ओटी पसरून आलेली असते, तिच्यासमोर भावाची चिठ्ठी ठेवू नये. पण संक्रांतीच्या काळ्या साड्या लोकांना हव्याच असतात, तर त्यांचं प्रदर्शन डिसेंबरच्या शेवटच्या किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उरका. पगारही झालेला असतो. नवरात्राच्या रंगांचंही तसंच, घटस्थापनेच्या दोन आठवडे आधी.

बोलावण्याचा निरोप मी तुम्हाला लिहूनच देते, पुढच्या वहिनींना असाच पाठवायला सांगा : “रविवारी चार ते सहा माझ्याकडे इरकल आणि नारायणपेठ साड्या बघायला या. आणणाऱ्या ताई माझ्या ओळखीच्या आहेत. घ्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. घर दिल्याबद्दल मला त्यांच्याकडून विक्रीनुसार एक साडी मिळणार आहे, ती निवडायला तुम्ही हव्यातच. चहा माझा.” ह्यात लपवलेलं काही नाही. साडी निवडायला मैत्रिणी मागे थांबतात, आणि त्या थांबण्यात आणखी एखादी साडी जाते, हे मी डब्यांच्या बाबतीत कितीदा बघितलंय.

राहिल्या खालच्या वहिनी. त्यांच्याकडे एकदा जा, रविवार सकाळी वगैरे, त्यांना सवड असेल तेव्हा. साड्यांची पिशवी नेऊ नका. ती उधारी तुम्ही स्वतः त्या बाईंकडे जाऊन आधी मिटवा, मगच जा. पाकिटाची पद्धत तुमची होती, तुम्हीच ठरवली होती, आणि त्यापायी त्यांना मैत्रिणींसमोर ओशाळं व्हावं लागलं, हे सरळ शब्दांत बोला. त्यांच्या मैत्रिणींपैकी जी सगळ्यात जास्त बोलली असेल तिलाही फोन करून हेच सांगा, म्हणजे वहिनींना ते सांगत बसावं लागणार नाही. पुन्हा घर द्याल का, हे त्या दिवशी विचारू नका. चहा घ्या आणि या.